वर कात्री, खाली उपास

एप्रिल उजाडला की निफाड, दिंडोरी, तासगाव, पलूस या पट्ट्यात मांडवावर हिरवं पान शोधावं लागतं. घड उतरून बाजारात गेलेले असतात, छाटणीच्या टोळ्या ओळीमागून ओळ संपवत पुढे सरकतात आणि मागे उरतात उघडे ओलांडे (वेलीचे आडवे हात), त्यांच्यावर एकेका डोळ्याचे खुंट. ही खरड छाटणी. पावसाळा सरला की ऑक्टोबरात दुसरी, घडांसाठीची फळछाटणी. युरोपातली द्राक्षवेल हिवाळ्यात आपोआप पान टाकते, विसावते, आणि छाटणी त्या विसाव्यात होते. आपल्या हवामानात वेल तशी विसावत नाही. वर्षातून दोनदा तिला आपणच थांबवतो.

या दोन छाटण्यांवर महाराष्ट्रात जेवढं बोललं जातं तेवढं दुसऱ्या कुठल्या शेतीकामावर क्वचितच बोललं जात असेल. काप कितव्या डोळ्यावर घ्यायचा, डोळे फुटायला डॉरमेक्स किती टक्क्यांचं लावायचं, सबकेन कितव्या पानावर करायची, फेलफुटी कधी काढायच्या. चर्चासत्रं भरतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट रात्री उशिरापर्यंत जागे असतात. ही सगळी चर्चा जमिनीच्या वरची आहे. पान उतरलं त्या घटकेपासून बोदातल्या, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या उंचवट्यातल्या मातीत काय सुरू होतं, हा प्रश्न त्यात फार उशिरा येतो, आणि आला तर बहुधा एखाद्या बाटलीच्या रूपात येतो. माझं म्हणणं असं आहे की छाटणी ही मातीवर केलेली क्रिया आहे. ती किती करायची, केव्हा करायची, एका दमात की टप्प्याटप्प्यानं, आणि छाटलेलं कुठे जाणार, हे सगळं मुळाभोवतीचं जीवन समोर ठेवून ठरायला हवं. द्राक्षबागेत तसंच शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांच्या बाबतीतही.

मुळं मातीतून पाणी आणि अन्नद्रव्यं घेतात हे शाळेत शिकवतात. ती मातीला काय देतात, यावर पाठ्यपुस्तकात फारसं काही नसतं. पानानं उन्हात बनवलेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते आणि तिच्यातला एक वाटा मुळीच्या टोकांतून बाहेर झिरपतो. त्यात साखरा असतात, सेंद्रिय आम्लं असतात, अमिनो आम्लं आणि एक बुळबुळीत द्रव असतो. मुळीला लागून असलेल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या मातीत या खाद्यावर जिवाणूंची जी दाटी होते ती बाजूच्या मातीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. लोरेन्त्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं 1904 मध्ये या पट्ट्याला रायझोस्फिअर म्हटलं आणि तेव्हापासून ते नाव रूढ झालं.

ही दाटी फुकटची नसते, आणि तिचं कामही थोडंथोडकं नाही. आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच बागा चुनखडीच्या, विम्ल जमिनीवर आहेत. तिथे स्फुरद आणि लोह मातीत भरपूर असूनही अडकून बसतं. ते सुटं करणारी आम्लं मुळी आणि तिच्याभोवतीचे जिवाणू मिळून सोडतात. जिवाणू नत्र स्वतःच्या अंगात बांधून ठेवतात. त्यांना आदिजीव आणि सूत्रकृमी खातात आणि खाऊन उरलेलं नत्र मुळीच्या अगदी दारात टाकतात. शिवाय द्राक्षाची मुळी जाडसर, तिच्यावर केसमुळं कमी, त्यामुळे स्फुरदासाठी ही वेल मायकोरायझा बुरशीवर फार अवलंबून असते. ही बुरशी मुळीच्या पेशीत शिरून तिथे झाडाकडून साखर आणि स्निग्धाम्लं घेते, आणि बाहेर आपले तंतू दूरवर पसरून स्फुरद आणून देते. झाडाशिवाय तिला जगता येत नाही. पान, मुळी आणि बुरशी यांचं असं एकमेकांत गुंतलेलं पोट आहे, आणि कात्री चालते ती यातल्या पहिल्या घासावर.

वरून साखर येणं थांबलं तर खाली काय होतं, हे स्वीडनच्या उत्तरेतल्या एका पाइनच्या जंगलात फार स्वच्छपणे दिसलं. पीटर होगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या खोडाभोवतीची साल गोलाकार सोलून काढली. खोडाचं लाकूड शाबूत राहिल्यामुळे पाणी वर चढत होतं, पानं हिरवी होती. फक्त साखर खाली उतरण्याचा रस्ता बंद झाला होता. पाच दिवसांत मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मातीचा श्वास, 37 टक्क्यांपर्यंत घटला. एक-दोन महिन्यांत तो सुमारे 54 टक्क्यांनी खाली आला. हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं आणि माती ही जुन्या पालापाचोळ्यावर सावकाश जगणारी गोष्ट आहे या समजाला मोठा धक्का बसला. मातीचा निम्मा श्वास काही दिवसांपूर्वी पानात बनलेल्या साखरेवर चालला होता. त्याच जंगलात पुढे असं दिसलं की मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वस्तुमानाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मुळांशी जोडलेल्या बुरशीच्या तंतूंचा होता.

साल सोलणं आणि फांद्या छाटणं एक नव्हे, हे मला मान्य आहे. छाटणीत काही पान राहतं, नवी फूट येते, रस्ता पुन्हा सुरू होतो. पण खरड छाटणीत पान राहतच नाही. तिथे काही आठवड्यांपुरता तोच प्रयोग आपण एकराएकरावर करत असतो, आणि तोही मातीचं तापमान सर्वांत चढं असण्याच्या दिवसांत.

छाटणीला पंधरवडा झालेल्या बागेत ठिबकच्या नळीखालची माती खुरप्यानं हळूच बाजूला सारली तर ते डोळ्यांना दिसतं. वीतभर खोलीवर जुन्या मुळ्यांचं जाळं लागतं. पेन्सिलीएवढ्या मुळ्या ताठ, तांबूस, जिवंत. त्यांच्यावरच्या दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या मात्र काळपट पडलेल्या, चिमटीत धरून ओढल्या की वरची साल सैल होऊन हातात येते आणि आतली तार तेवढी राहते. त्या सालीत, म्हणजे मुळीच्या मऊ भागातच बुरशीचं बिऱ्हाड असतं. मांडवावर तोवर डोळे फुटलेले असतात, चार-पाच पोपटी पानं आलेली असतात, आणि बागायतदाराचा जीव भांड्यात पडलेला असतो. खाली नवी, पांढरी मुळी अजून नाही. कारण वरची ती कोवळी पानं अजून कमावती झालेली नाहीत. पान बरंचसं वाढेपर्यंत ते साखर देत नाही, घेतं. आणि ते घेतं खोडात, ओलांड्यात आणि त्याच जाड मुळ्यांत साठवलेल्या पिठातून. साठा वर चाललेला असतो त्या काळात खालच्या जिवाणूंना द्यायला मुळीकडे फार काही उरत नाही.

म्हणून माती मरते का? नाही, आणि इथे थोडं थांबून नीट पाहायला हवं. ताज्या साखरेवर जगणारे जिवाणू घटतात. मायकोरायझाचे तंतू आखडतात. पण मेलेल्या बारीक मुळ्या हे दुसऱ्या कोणाचं तरी अन्न असतं, आणि ते कुजवणाऱ्या बुरशा आणि जिवाणू याच दिवसांत वाढतात. लोकसंख्येपेक्षा बदलतो तो वस्तीचा धंदा. वेलीला जोडून, देवाणघेवाणीवर जगणाऱ्यांची जागा मेलेलं खाणारे घेतात. कुजवणाऱ्यांना आपलं शरीर बांधायला नत्र लागतं, ते त्यांना मेलेल्या मुळीत पुरेसं मिळालं नाही तर ते मातीतलं उचलतात, आणि नव्या मुळीला ते काही काळ मिळत नाही. हे वाईटच असतं असं नाही. बांधलेलं नत्र पुढे सुटतं. पण हा काळ कोणता आहे हे ओळखून खत द्यावं की नाही? छाटणीच्या आठवड्यातच बोद भरून रासायनिक खताचा डोस टाकायची सवय मला म्हणूनच पटत नाही. घेणारी पांढरी मुळी जागेवर नसताना दिलेलं नत्र ठिबकच्या पाण्याबरोबर खाली उतरून जातं, आणि आपल्याकडच्या विहिरींचं पाणी तपासणाऱ्याला ते पुढे सापडतं.

बाटल्यांचंही तसंच. छाटणी झाली की मायकोरायझा, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा असं एकत्र सोडायचं पॅकेज दुकानदार हातात ठेवतो. ट्रायकोडर्माचं ठीक आहे, ती कुजक्या पदार्थावर जगू शकते. शेणखत मुबलक असेल तर तिला छाटणीशी देणंघेणं नाही. मायकोरायझाचं मात्र मुळीतल्या साखरेशिवाय चालत नाही. पान नसलेल्या वेलीच्या बोदात ती सोडणं म्हणजे पाहुण्याला बंद घरासमोर उतरवून देणं. तीच बाटली महिन्याभरानं, पांढरी मुळी दिसल्यावर, मुळीच्या संपर्कात येईल अशी दिली तर तिच्याकडून आशा ठेवता येते. जिवामृतातल्या गुळावर जिवाणू जोमानं वाढतात हे खरं आहे, परंतु तो गूळ दोन-तीन दिवसांत संपतो. पानाकडून येणारी साखर रोज येते, थोडी येते आणि नेमकी मुळीच्या टोकाशी येते. तिची जागा कोणतंही द्रावण घेऊ शकत नाही. शेतकऱ्याचा जिवाणूंवर विश्वास बसला ही गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली मोठी चांगली गोष्ट आहे. म्हणूनच त्या विश्वासाचा खर्च चुकीच्या आठवड्यात होतो याचं वाईट वाटतं.

आता उलट बाजू. छाटल्यानं मुळाभोवतीचे जिवाणू नेहमी घटतातच असं विज्ञान म्हणत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन परिसरात चरणाऱ्या प्राण्यांना सरावलेल्या एका गवतावर हॅमिल्टन आणि फ्रँक यांनी काम केलं, ते 2001 मध्ये छापून आलं. गवत कापलं की चोवीस तासांच्या आत मुळ्यांतून जास्त कार्बन बाहेर पडला, जिवाणू वाढले, त्यांच्यामुळे मातीत नत्र सुटं झालं आणि ते गवतानंच उचलून नव्या पात्यात घातलं. कापणी हा तिथे मातीला दिलेला धक्का नव्हता, हाक होती. दुसरीकडे अ‍ॅरिझोनामधल्या सनसेट क्रेटरच्या राखेत वाढणाऱ्या पिन्यन पाइनवर उलटं दिसलं. ज्या झाडांचे शेंडे पतंगाच्या अळ्या वर्षानुवर्षं पोखरत होत्या त्यांच्या मुळांवरची मित्रबुरशी कमी होती. अळ्या काढून टाकल्यावर ती पुन्हा वाढली. कॅथरीन गेरिंग आणि थॉमस व्हिटम यांचं हे काम 1991 चं.

दोन्ही खरं आहे, आणि फरक कशात आहे ते समजलं तर छाटणीचं अर्धं शहाणपण हाती लागतं. गवताची वाढीची जागा जमिनीलगत असते, कापलं तरी खालचं पातं शिल्लक राहतं, आणि दोन दिवसांत कारखाना पुन्हा सुरू होतो. शिवाय हजारो वर्षं ते चरणाऱ्या तोंडांसोबत जगलं आहे. झाडाची उभारणी वेगळी. त्याला खोड आणि फांद्या जगवायच्या असतात, जखमा आतून बंद करायच्या असतात, आणि पुन्हा पान धरायला आठवडे लागतात. थोडी छाटणी, पुरेसं पान शिल्लक, साठा भरलेला, ओल असलेली माती, अशा वेळी झाडाच्या मुळीतही गवतासारखं काही घडू शकतं. सगळं पान एकदम, साठा रिकामा असताना, तापल्या मातीवर, हे त्याच्या नेमकं विरुद्ध टोक. त्यामुळे छाटणीनं माती सुधारते का बिघडते, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. किती पान ठेवलं आणि कधी कापलं, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

याचा सर्वांत ठळक दाखला कॉफीच्या सावलीला लावलेल्या पांगाऱ्याच्या एका भाऊबंदाचा आहे. कोस्टारिकामध्ये एरिथ्रिना पोएपिजियाना हे झाड कॉफीत आणि पिकांच्या ओळींमध्ये लावतात. पांगाऱ्यासारखंच ते शेंगावर्गीय, मुळांवर गाठी, गाठींत हवेतलं नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणू. सावली आवरण्यासाठी आणि पाला मातीत घालण्यासाठी ते वर्षातून दोनदा पूर्ण बोडकं करत. पेक्का नीग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं उकरून गाठी मोजल्या तेव्हा दिसलं की पूर्ण छाटणीनंतर गाठी जवळजवळ नाहीशा होतात आणि पानांचा पसारा पुन्हा उभा राहिल्यावरच परततात. म्हणजे जे झाड नत्रासाठी लावलं, त्याचा नत्राचा कारखाना वर्षातला मोठा काळ बंद. काही फांद्या राखून छाटलेल्या झाडांची बारीक मुळी आणि गाठी मात्र पुष्कळ टिकून राहिल्या.

आपल्याकडे बांधावर गिरिपुष्प लावतात तेही असंच शेंगावर्गीय. भातखाचरात चिखलणीपूर्वी त्याचा पाला घालतात, उंदीर पळतात म्हणून कोकणात त्याला उंदीरमारीही म्हणतात. हे झाड छाटणीला इतकं दाद देतं की लोक त्याला निव्वळ खुंट करून ठेवतात. पाला मिळतो, हे ठीक. पण बांधाखालच्या मातीला गाठींमधून मिळणारं नत्र हवं असेल तर दर झाडावर एक-दोन पानाळ फांद्या उभ्या ठेवायला काय जातं? सगळी झाडं एकाच दिवशी उतरवण्यापेक्षा एक आड एक उतरवली तरी पाला तेवढाच भरतो.

कोकणात या हिशेबाची जुनी जाण होती, आणि जुनं भांडणही. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर टहाळ, गवत, शेण पसरून जाळायचं, त्या भाजलेल्या मातीत रोप पेरायचं, ही राबाची रीत. टहाळासाठी ऐन, किंजळ ही झाडं खोडली जात. एकोणिसाव्या शतकात ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचा राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क आणि सरकारचं जंगल यांच्यातला तंटा इतका वाढला की मुंबई इलाख्याच्या सरकारनं वन आयोग नेमला. त्याचा अहवाल 1887 चा आहे. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत 1912 मध्ये राबावर शास्त्रीय निबंध लिहिला. माती भाजली की तिच्यातले बरेच जीव मरतात, तणाचं बी मरतं, आणि उरलेल्या जिवाणूंच्या हातून काही दिवस अमोनियाचं नत्र जोरात सुटतं. रोपाला ते लाभतं. शेतकरी अडाणी नव्हता.

पण या साऱ्या वादात ज्या झाडाचं डोकं उतरवलं त्याच्या पायाखालची माती कोणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिचं नुकसान दोन वाटांनी होतं. पान गेल्यामुळे मुळातून येणारी साखर थांबते, आणि फांदी वाहून नेल्यामुळे वरून पडणारा पालाही थांबतो. त्या डोंगरउताराचा कस टोपलीनं खाली खाचरात येतो आणि त्यातला कार्बन धूर होऊन जातो. पाळीपाळीनं, शेंडा राखून खोडलेलं ऐनाचं झाड हे सोसून उभं राहतं. दरवर्षी बोडकं केलेलं झाड खुरटतं आणि त्याच्याभोवती मुरूम उघडा पडतो.

बागेतही छाटलेल्या काड्यांचं काय करायचं हा प्रश्न तसाच आहे. पुष्कळ ठिकाणी त्या बांधावर नेऊन पेटवतात. करपा, भुरी, डाऊनीचं बीज त्यांच्यात राहतं ही भीती खोटी नाही, आणि रोगट काडी बागेबाहेर काढलीच पाहिजे. पण निरोगी काडी जाळणं म्हणजे वेलीनं हंगामभर कमावलेल्या कार्बनला एका संध्याकाळी हवेत सोडणं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात लावाल विद्यापीठातले जिल लेमिए यांनी बारीक फांद्यांच्या भुग्यावर पुष्कळ काम केलं. जाड लाकडापेक्षा बोटाएवढ्या फांद्यांत अन्नद्रव्यं जास्त असतात, आणि त्या कुजवायला लाकूड फोडणाऱ्या बुरशा पुढे येतात, ज्यांच्यामुळे मातीत टिकाऊ ह्यूमस बनतो. काडीची कुट्टी करणारी यंत्रं आता आपल्या बागांत फिरू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. एवढंच लक्षात ठेवायचं की ती कुट्टी बोदावर पसरायची, मातीत मिसळायची नाही. मिसळली तर कुजवणारे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि वेल पिवळी पडते. वर पसरली तर ती एप्रिलच्या उन्हात बोद थंड ठेवते, ओल धरते, आणि पान नसलेल्या दिवसांत मातीतल्या जिवांना निदान दुसऱ्या वाटेनं खायला मिळतं. मुळीतून येणाऱ्या साखरेची भरपाई यानं होत नाही, पण उपासाचे दिवस सुसह्य होतात.

शहरात मात्र यातलं काहीच उरलेलं नाही, आणि मला सर्वांत जास्त राग तिथला येतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. मे महिना आला की पावसाळापूर्व छाटणी सुरू होते. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांच्या फांद्या उतरतात, ट्रकमध्ये भरल्या जातात आणि कचराभूमीकडे जातात. खाली पडलेलं पान रोज झाडून नेतातच. बुंध्याला पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भिडलेलं. अशा झाडाच्या मातीला वरून पाला नाही, पाणी नाही, हवा नाही. तिच्याकडे येणारा अन्नाचा एकच मार्ग शिल्लक राहतो, पानातून मुळीवाटे उतरणारी साखर. आपण दरवर्षी मेमध्ये तोही अर्धा कापतो.

वादळात फांदी कोसळून माणूस दगावतो, हे दुःख खरं आहे, आणि वाळलेली, किडलेली, तारांवर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे. पण झाड मुळासकट आडवं होतं तेव्हा बहुधा मुळं आधीच तुटलेली किंवा कुजलेली असतात: केबलच्या चरात, गटाराच्या खोदाईत, काँक्रीटच्या खाली. डोकं हलकं केलं की वाऱ्याचा भार त्या वर्षापुरता उतरतो. त्याच वेळी मुळांची शिदोरीही उतरते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीनं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं. त्या भिंती घालायला शक्ती लागते, आणि ती येते त्याच साठ्यातून ज्यातून नवी मुळी येणार असते. मोठे, सपाट, सालीला घासून घेतलेले काप जितके जास्त, तितकी मुळी आणि तिच्याभोवतीची बुरशी उपाशी. त्या दुबळ्या मुळीवर कुजवणाऱ्या बुरशा चढतात. दोन-चार वर्षांनी ते झाड पडतं, आणि एवढी छाटणी करूनही पडलं, म्हणून शेजारच्या झाडाची आणखी छाटणी होते.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणं आहेत, 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. छाटणीसाठी परवानगी मागावी लागते. त्या परवानगीला दोन अटी जोडायला कायदा बदलायची गरज नाही असं मला वाटतं: जिवंत पानाचा किती भाग एका वर्षात काढता येईल याची मर्यादा, आणि निरोगी फांद्यांचा भुगा त्याच झाडाच्या बुंध्याभोवती, खोडाला न टेकवता, पसरण्याचं बंधन. दुसऱ्या अटीसाठी बुंध्याभोवती उघडी माती लागेल. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. आपल्या शहरांत तेवढी जागा मोकळी केली तर पालिकेला ट्रकच्या फेऱ्याही कमी कराव्या लागतील.

पुन्हा शेताकडे. छाटणीआधी मुळीला विचारायचं म्हणजे काय करायचं, हे निलगिरी आणि अन्नामलाईच्या चहामळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चहाचं झुडूप काही वर्षांनी खालपर्यंत छाटतात. त्याआधी मळ्यातल्या काही झुडपांची पेन्सिलीएवढी मुळी कापून घेतात आणि तिच्या कापावर आयोडीनचं द्रावण टाकतात. काप निळा-काळा झाला तर मुळीत पीठ भरलेलं आहे, छाटणी चालेल. फिका राहिला तर थांबा. शिवाय छाटताना कडेच्या काही पानाळ फांद्या तशाच सोडायची एक पद्धत आहे. त्या फांद्या मुळीला चालू ठेवतात आणि नवी फूट आली की मग काढून टाकतात.

द्राक्षवेलही पीठच साठवते. घड उतरल्यावर खरड छाटणीआधी बागेला पाणी आणि खत देऊन तीन-चार आठवडे पानासकट विश्रांती द्यावी, असं जाणते बागायतदार सांगतात ते याच साठ्यासाठी. पण उन्हाळ्यात पाणी तुटतं, मजूर मिळतात तेव्हाच घ्यावे लागतात, आणि विश्रांतीचे दिवस आकसतात. प्राध्यापक श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून तासगावकडच्या बागायतदारांना शिकवलं ते हेच की पानावर पडलेलं ऊन आणि मातीतली मुळी हा एकच हिशेब आहे, आणि तो प्रत्येकानं आपल्या बागेत स्वतः तपासायचा. तो तपासायला आज काय लागतं? शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते आयोडीन, एक खुरपं आणि एक ओळ.

येत्या एप्रिलला छाटणीच्या आदल्या आठवड्यात चार-पाच वेलींच्या काडीचा आणि मुळीचा काप आयोडीन टाकून पाहावा, आणि रंग फिका असेल तर पाणी पुरेल तोवर छाटणी पुढे ढकलावी. एका ओळीत प्रत्येक वेलीवर ओलांड्याच्या टोकाची एक निरोगी पानाळ काडी राखावी. शेजारची ओळ नेहमीसारखी खरडावी. राखलेल्या काडीवर भुरी येऊ शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावं. तिच्या शेंड्याच्या जोरामुळे मागचे डोळे उशिरा किंवा असमान फुटले तर तेही लिहून ठेवावं, कारण तो या पद्धतीचा खरा धोका आहे आणि त्यावरच ती टिकेल किंवा पडेल. नवी पानं पुरती मोठी झाली की ती काडी काढून टाकावी. तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही ओळींत ठिबकच्या थेंबाखाली, खोडापासून सारख्याच अंतरावर, वीतभर खोल उकरावं. पांढरी मुळी कुठल्या ओळीत आधी दिसते आणि काळी पडलेली बारीक मुळी कुठे कमी आहे ते पाहावं, आणि खताचा पहिला डोस दोन्हीकडे मुळी दिसल्यावरच सोडावा.